बॅगेवर चिठ्ठी सिडर रॅपिड्सची, पण बॅग उचलायची शिकागोत

पत्र

ताई, नमस्कार. मी कराडची, वय ६३. यजमान ६९ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. मुलगी अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या सिडर रॅपिड्सला असते. नोव्हेंबरमध्ये तिचं पहिलं बाळंतपण आहे. जावयांनी आमची ऑक्टोबरची तिकिटं काढून पाठवली आहेत. पहाटे साडेचारला मुंबईहून एमिरेट्सचं विमान, सहाला दुबई. तिथे साडेतीन तास थांबायचं, मग एमिरेट्सचंच दुसरं विमान, ते दुपारी साडेतीनला शिकागोला पोचतं. तिथून ५ वाजून ४० मिनिटांनी युनायटेडचं छोटं विमान सिडर रॅपिड्सला. हे शेवटचं तिकीट त्यांनी वेगळं काढलंय, स्वस्त मिळालं म्हणाले. आम्ही विमानात एकदाच बसलोय, पुण्याहून दिल्लीला. सगळे सांगतात की दुबईचा विमानतळ म्हणजे एक शहरच आहे, हरवाल. त्या धास्तीने झोप लागत नाही. यजमानांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय, पण व्हीलचेअरचं नाव काढलं की चिडतात. जावयांना काही विचारायचा संकोच वाटतो, इतका खर्च त्यांनीच केलाय. दुबईत विमान चुकलं तर काय करायचं, एवढं सांगा.

होऊ घातलेली आजी, कराड

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीपाशी अडखळले: "हे शेवटचं तिकीट त्यांनी वेगळं काढलंय." खरी काळजी करावी अशी गोष्ट तीच आहे आणि ती तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मी सहारच्या विमानतळावर चेक-इन काउंटरवर १९ वर्षं काढली. तुमच्यासारखे, लेकीच्या बाळंतपणाला निघालेले आईवडील रोज रात्री माझ्यासमोर उभे असायचे. त्या अनुभवावर सांगते, मुंबईचं विमान वेळेवर सुटलं तर दुबईत तुम्हाला वेळच वेळ आहे. शिकागोत मात्र तिकीट आहे तसंच राहिलं, तर संध्याकाळचं ते छोटं विमान मिळणं फार कठीण आहे.

तरी आधी दुबईबद्दल बोलू. ती मनातून गेल्याशिवाय पुढचं तुमच्या डोक्यात शिरणार नाही.

दुबई मोठं आहे, खरंच मोठं आहे. पण तुमची दोन्ही विमानं एमिरेट्सची, म्हणजे दोन्ही टर्मिनल ३ ची. टर्मिनलच्या बाहेर पडायचं नाही, दुबईचा व्हिसा लागत नाही, पासपोर्टवर शिक्का नाही, चेक-इन केलेल्या बॅगांकडे बघायचंही नाही. विमानातून उतरलात की 'कनेक्शन्स' अशी पाटी दिसेल, बाणाच्या दिशेने लोक चाललेले असतील, त्यांच्यामागून जायचं. पुन्हा एकदा सिक्युरिटी होते, तेव्हा विमानात मिळालेली पाण्याची बाटली तिथे पिऊन संपवा. पुढे मोठे पडदे दिसतील. त्यावर शिकागो शोधायचं आणि समोरचं गेट वाचायचं. गेटच्या आधी ए, बी किंवा सी हे अक्षर असतं. ए आणि बी या भागांमध्ये आतल्या आत ट्रेन आहे, तिला तिकीट नाही. सगळं धरून रमतगमत पाऊण तास, गुडघ्याचा विचार करून एक तास. उरलेल्या वेळात तोंड धुवा, चहा घ्या, पाय वर करून बसा.

दुबईत दोन गोष्टींचं मात्र भान ठेवा. तिथे विमानांच्या घोषणा होत नाहीत. आपल्या एसटी स्टँडवर किंवा रेल्वे स्टेशनवर कान उघडे ठेवले की काम भागतं, तिथे तसं भागत नाही. कोणी तुमचं नाव पुकारणार नाही. गेट विमान सुटायच्या २० मिनिटं आधी बंद होतं, आणि अमेरिकेच्या विमानाला गेटपाशी जास्तीची तपासणी असते. म्हणून साडेनऊच्या विमानासाठी सव्वाआठला गेटवर बसलेलं बरं. उतरल्या उतरल्या घड्याळ दीड तास मागे करा, नाहीतर कराडच्या वेळेने हिशोब होईल.

दुसरी गोष्ट फोनची. विमानतळावर वायफाय फुकट आहे, पण संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल लागत नाहीत. मेसेज जातो, बोलून पाठवलेला निरोपही जातो. हे माहीत नसलं की इकडे आईवडील बटणं दाबत बसतात आणि तिकडे गरोदर मुलगी काळजी करत बसते. तिला आधीच सांगून ठेवा: दुबईतून फोन येणार नाही, मेसेज येईल.

झाली दुबई.

आता शिकागो. विमानतळाचं नाव ओहेअर. तुमच्या तिकिटावर मात्र 'ओआरडी' अशी अक्षरं दिसतील, कारण त्या जागेचं जुनं नाव ऑर्चर्ड फील्ड होतं. गोंधळू नका, ते शिकागोच.

अमेरिकेचा नियम असा की बाहेरच्या देशातून येताना पहिल्यांदा ज्या अमेरिकन विमानतळावर उतराल, तिथेच सगळे सोपस्कार करायचे. इमिग्रेशन तिथे, कस्टम्स तिथे, आणि त्यासाठी आपल्या बॅगा पट्ट्यावरून आपणच उचलायच्या, मग पुढे त्या अजून कितीही लांब जाणार असोत. सगळा प्रवास एका तिकिटावर असेल तर मुंबईच्या काउंटरवरची मुलगी सांगेल, "बॅग थेट शेवटपर्यंत टॅग केली आहे." ती खोटं सांगत नसते. टॅगवर 'सीआयडी', म्हणजे सिडर रॅपिड्स, असं छापलेलंही असतं. तरी बॅग शिकागोत उचलायची, कस्टम्समधून बाहेर न्यायची आणि तिथेच जवळ असलेल्या काउंटरवर पुन्हा द्यायची. घाईच्या रात्री हे वाक्य अर्धंच बोललं जातं. माझ्याकडूनही ते कित्येकदा अर्धं गेलं असेल, याचं मला आजही वाईट वाटतं. माझी सख्खी मावशी आणि काका असेच एका मोठ्या अमेरिकन विमानतळावर बॅगा न उचलता पुढे गेले. पुढचं विमान मिळालं, बॅगा चार दिवसांनी आल्या, आणि काकांची साखरेची औषधं त्या बॅगेत होती.

आता तुमच्या दोन तास दहा मिनिटांचा हिशोब मांडू. पंधरा तासांच्या आसपास प्रवास करून तुम्ही टर्मिनल ५ वर उतरता. विमान पुलाला लागून तुम्ही बाहेर येईपर्यंत वीस मिनिटं गेली. इमिग्रेशनची रांग कधी अर्ध्या तासात सरते, कधी दीड तास लागतो. त्या वेळी आणखी दोन मोठी विमानं उतरली असतील तर ते कोणाच्याच हातात नसतं. बॅगा येईपर्यंत वीस-तीस मिनिटं. मग कस्टम्स. युनायटेडचं काम टर्मिनल १ आणि २ मधून चालतं, तिथे जायला विमानतळाची फुकट ट्रेन आहे. ती सिक्युरिटीच्या बाहेरून जाते, त्यामुळे तिकडे पोचल्यावर पुन्हा रांग, पुन्हा हातातल्या सामानाची तपासणी. (टर्मिनल १, २, ३ आणि ५ आहेत, ४ नाही, ते शोधत बसू नका.) शेवटी गेट, तेही लांबचं असू शकतं.

आणि तुमचं शेवटचं तिकीट वेगळं आहे, म्हणून यात एक भर पडते. एमिरेट्सला पुढच्या विमानाची माहितीच नसते, तेव्हा ते बॅगांवर शिकागोचीच चिठ्ठी लावतील. कस्टम्सबाहेरच्या काउंटरवर त्या देऊन मोकळं होता येणार नाही. चार बॅगा ट्रॉलीवर घालून ट्रेनने टर्मिनल १ ला न्यायच्या, युनायटेडच्या काउंटरवर नव्याने चेक-इन करायचं, बॅगांचे पैसे वेगळे भरायचे. आणि देशांतर्गत विमानाला साधारण ४५ मिनिटं आधी बॅगा घेणं बंद होतं. म्हणजे ५ वाजून ४० मिनिटांचं विमान तुमच्यासाठी प्रत्यक्षात ४ वाजून ५५ मिनिटांचं. साडेतीनला उतरून पाच वाजायच्या आत चार बॅगांसकट दुसऱ्या टर्मिनलच्या काउंटरवर, एका बदललेल्या गुडघ्यासह. ताई, हे होत नाही. आणि चुकलं तर एमिरेट्स म्हणेल आमचं काम शिकागोला संपलं, युनायटेड म्हणेल तुम्ही वेळेत आला नाहीत. नवं तिकीट, त्या दिवशीच्या भावाने. सिडर रॅपिड्स लहान गाव आहे, दर तासाला विमान नाही. रात्र शिकागोत काढावी लागेल.

जावयांनी निष्काळजीपणा केला असं मात्र मी म्हणणार नाही. तिशीतला मुलगा पाठीवर एक सॅक घेऊन, इंग्रजी पाट्या वाचत, असा प्रवास आरामात करतो. तो स्वतःच्या चालीने हिशोब करतो. तुमची चाल त्याला कोणीतरी सांगायला हवी, आणि ते तुम्हीच सांगायला हवं. सासूने जावयाला असं कसं म्हणायचं हा संकोच मी समजू शकते. आपल्याकडे जावयाच्या कामात खोट काढायची रीत नाही. पण जरा विचार करा. त्या रात्री शिकागोत अडकलात तर पहिली धावाधाव त्यांचीच होणार, आठव्या महिन्यातल्या बायकोला घरी ठेवून चार तास गाडी हाकत. आज सांगितलंत तर त्यांची ती रात्र वाचेल.

काय सांगायचं ते लिहून देते, हवं तर असंच पाठवा: "तिकिटं मिळाली, दुबईपर्यंतचं सगळं समजलं. एक विनंती आहे. शिकागोत आम्हाला बॅगा घेऊन दुसऱ्या टर्मिनलला जायला आणि पुन्हा चेक-इन करायला दोन तास पुरणार नाहीत, बाबांच्या गुडघ्यामुळे आमची चाल हळू आहे. शिकागो ते सिडर रॅपिड्सचं विमान एमिरेट्सच्याच तिकिटावर जोडून मिळतं का बघाल का? मध्ये साडेतीन-चार तास असतील असं बघा. वरचा जो फरक येईल तो आम्ही देणार, यात ऐकून घ्यायचं नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. स्वस्तात काढलेलं तिकीट बदलायला सांगताना पैशाची बाजू आपण उचलली की बोलणं सोपं होतं.

हे जमण्यासारखं आहे. एमिरेट्स आणि युनायटेड यांच्यात २०२२ साली करार झाला, आणि त्यात शिकागोहून पुढची अमेरिकेतली शहरं एमिरेट्सच्या तिकिटावर मिळतात. एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर सगळा प्रवास आला की काय काय बदलतं बघा. मुंबईतच तिन्ही विमानांचे बोर्डिंग पास हातात येतात. बॅगांचं माप शेवटपर्यंत तेच राहतं. शिकागोत बॅगा उचलल्या तरी कस्टम्सबाहेर लगेच पट्ट्यावर देऊन मोकळ्या हाताने ट्रेनमध्ये बसता. आणि इमिग्रेशनच्या रांगेमुळे विमान गेलंच, तर पुढच्या विमानात बसवून देणं ही त्यांची जबाबदारी असते, तुमच्या खिशाला हात लागत नाही.

युनायटेडच्या वेगळ्या तिकिटाचं काय? ते 'बेसिक इकॉनॉमी' नसेल तर रद्द करून त्याची रक्कम पुढच्या प्रवासासाठी जमा राहते. ती ज्याच्या नावाचं तिकीट त्यालाच वापरता येते, म्हणजे तुम्हा दोघांनाच. बेसिक असेल तर बहुधा पैसे जातील. जाऊ द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. चार बॅगा आणि दोन म्हातारी माणसं परक्या शहरात रात्रभर अडकण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

एमिरेट्सने जोडून दिलं नाही, तर निदान ते छोटं विमान रात्रीच्या शेवटच्यावर ढकला, किंवा कोणी ओळखीचं माणूस शिकागोहून गाडीने न्यायला तयार असेल तर विमान सोडून द्या. सिडर रॅपिड्स शिकागोपासून चारशे किलोमीटरच्या आसपास आहे, रस्ता सरळ. पण पहिला पर्याय तो पहिलाच.

पुढच्या वेळेसाठी एक सांगून ठेवते, कारण नातवंड झालं की तुम्ही पुन्हा जाणारच. अबू धाबीहून एतिहादचं विमान शिकागोला जातं, आणि अबू धाबीत २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथल्या विमानतळावरच होतं. अमेरिकन अधिकारी तिकडेच बसतात. तिथे एकदा पार पडलात की शिकागोत तुम्ही जणू मुंबईहून नागपूरला उतरल्यासारखे उतरता, रांग नाही. मात्र अबू धाबीत त्यासाठी हातात तीन तास ठेवावे लागतात. वयस्कर माणसांना पहिल्या प्रवासाला मी हाच मार्ग सुचवते. तुमचं मुख्य तिकीट काढून झालंय, तेव्हा ते मोडू नका.

आता व्हीलचेअर. यजमान चिडतात, आणि मला त्यांचं चिडणं कळतं. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःच्या पायावर उभं राहून बँक सांभाळली, त्याला चार लोकांत कोणी ढकलत नेणं नको वाटतं. त्यांच्याशी गुडघ्याचा विषय काढूच नका. वाटेचा काढा. व्हीलचेअर मागितली की तिच्यासोबत एक माणूस येतो, आणि त्या माणसाला तो विमानतळ पाठ असतो. कुठली लिफ्ट, कुठली रांग, बॅगांचा पट्टा कोणता, ट्रेन कुठून, हे सगळं त्याला ठाऊक असतं. शिकागोच्या इमिग्रेशनला त्यांना बऱ्याचदा वेगळ्या, छोट्या रांगेतून नेतात. म्हणजे ती खुर्ची तुमच्यासाठी वाटाड्याचं काम करते. "मला एकटीला पाट्या वाचता येणार नाहीत, तुम्ही बसलात तर दोघांना वाट दाखवायला माणूस मिळेल," असं म्हणा. खरंच आहे ते. माझ्या काउंटरवर कित्येक काका याच बोलण्यावर तयार झाले आहेत.

व्हीलचेअरला पैसे पडत नाहीत, पण ती प्रत्येक विमानाच्या नोंदीत आधीच घालून घ्यावी लागते. चालता येतं, जिना चढता येतो, फक्त लांब अंतर झेपत नाही, अशांसाठी तिकिटावर 'डब्ल्यूसीएचआर' हा कोड येतो. जावयांना तेवढं सांगा. दुबईत व्हीलचेअरच्या प्रवाशांना एका जागी बसवून ठेवतात आणि वेळ झाली की नेतात. तिथे निवांत बसा, पण घड्याळावर लक्ष तुमचंच असू द्या. साडेसात-पावणेआठ झाले आणि कोणी फिरकलं नाही, तर उठून काउंटरवर बोर्डिंग पास दाखवा, मागे पुढे बघू नका. दोघांचे पासपोर्ट तुमच्याच पिशवीत, कोणाच्या हातात द्यायचे नाहीत. शिकागोत मदतनिसाला पाच-दहा डॉलर देण्याची रीत आहे, सक्ती नाही. सुटे डॉलर जवळ ठेवा. गुडघ्यात धातू आहे हे दर सिक्युरिटीला आधीच सांगायचं, कमान वाजली की घाबरायचं नाही, हाताने तपासून सोडतात.

सामानाबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण बाळंतपणाला निघालेली आई रिकाम्या हाताने जात नाही हे मला ठाऊक आहे, आणि हे सांगितल्यावाचून मला राहवणार नाही. डिंकाचे लाडू करणार असाल तर त्यात खसखस घालू नका. अनारसेही खसखशीचे नकोत. खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या पदार्थांत येते, अमली पदार्थांच्या कायद्याखाली. तुम्ही दुबईत बाहेर पडणार नाही, तरी सामान त्यांच्या तपासणीतून जातंच. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लाडवात पडणारी चिमूटभर खसखस तिथे गुन्हा ठरू शकते. हा धोका कशाला? खसखस अमेरिकेतल्या भारतीय किराणा दुकानात मिळते, तिथे गेल्यावर घाला.

सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या चेक-इन बॅगेत मुंबईलाच काढून ठेवतात, कारण खोबरं तेलकट आणि पेट घेणारं. लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत चालत नाही, १०० मिलिलिटरच्या वर काहीच पातळ किंवा लिबलिबीत चालत नाही. ताजी फळं, भाजी आणि कढीपत्ता अमेरिकेत नेऊ नका. कढीपत्त्याची डहाळी काय करते असं वाटेल, पण त्यातून लिंबूवर्गीय झाडांचे रोग पसरतात म्हणून तिला तिकडे कडक मनाई आहे. बाकी लाडू, चिवडा, मसाले, मेतकूट हे बांधून नीट नावं लिहून न्या, आणि कस्टम्सला विचारलं की "हो, खायचं सामान आहे" असं सरळ सांगा. सांगितलं तर फार तर एखादी पुडी काढून ठेवतील. लपवलेलं सापडलं तर दंड होतो.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. मावशीचं उदाहरण वर दिलंच आहे. वेदनाशामक गोळीत किंवा खोकल्याच्या औषधात कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असेल तर डॉक्टरांना विचारून बदलून घ्या, दुबईत त्यांच्यावर कडक बंधनं आहेत. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत. एमिरेट्समध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाला एकच चालते, १०० वॉट-तासांच्या आतली, आणि विमानात ती वापरता येत नाही.

शिकागोचा इमिग्रेशन अधिकारी चार प्रश्न विचारतो. कशाला आलात, कोणाकडे, किती दिवस, परत कधी. उत्तरंही चारच द्या. मुलीला भेटायला आणि तिचं बाळ बघायला आलो, तिच्या घरी राहणार, अमुक तारखेचं परतीचं तिकीट आहे. इंग्रजी जमत नसेल तर "हिंदी" एवढं म्हणा, दुभाषाची सोय होते. दोघांनी एकत्रच खिडकीपाशी जायचं. बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, तो सगळ्यांचाच घेतात.

एका पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मोठ्या अक्षरात मुलीचा पूर्ण पत्ता, तिचा आणि जावयांचा फोन, तिन्ही विमानांचे नंबर आणि सुटायच्या वेळा लिहा. इंग्रजीत लिहा, म्हणजे दुसऱ्याला दाखवता येईल. खाली एक ओळ: "शिकागोत बॅगा उचलायच्या." ही ओळ मराठीत, तुमच्यासाठी. त्या कागदाची एक प्रत यजमानांच्या शर्टाच्या खिशात. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

परतीच्या प्रवासाला यातलं बरंचसं लागत नाही. अमेरिकेतून निघताना इमिग्रेशनची रांग नसते, आणि सगळं एकाच तिकिटावर असेल तर सिडर रॅपिड्सला दिलेल्या बॅगा शिकागोत न उचलता, दुबईत न बघता थेट मुंबईच्या पट्ट्यावर येतात. मात्र व्हीलचेअर परतीच्या तिन्ही विमानांच्या नोंदीतही आत्ताच टाकून घ्या. जातानाची नोंद येतानाच्या तिकिटावर आपोआप येत नाही.